जुनं कपाट घेताना आधी खण उपसा

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याला एखादं सागवानी कपाट आवडलं, तर पुढच्या पॉलिशवर भुलू नका. खण पूर्ण बाहेर ओढा आणि उलटा करा. खणाच्या कोपऱ्यात डोव्हटेल सांधा असतो, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेला जोड. तो हाताने कापलेला असेल तर दात थोडे कमीजास्त असतात. सगळे तंतोतंत सारखे दिसले तर काम बहुधा यंत्राचं. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात आले. ते मूळ सांध्यात असतील तर ‘शंभर वर्षांचं’ म्हणून जादा पैसे मोजू नका. अर्थात दुरुस्तीत स्क्रू बदललेले असू शकतात, म्हणून शेजारी जुनी बुजवलेली भोकं शोधा.

नुसती बारीक गोल छिद्रं दिसली म्हणून कपाट सोडू नका. ते झटकून, पुसून पायांखाली काळा कागद ठेवायला सांगा. चार दिवसांनी कागदावर पिठासारखा फिकट भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे. मग कितीही स्वस्त मिळालं तरी नकोच, घरातल्या इतर लाकडालाही लागते.

पॉलिश ओळखायला मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दाबा. पृष्ठभाग चिकट झाला तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. ते घासून काढू नका, त्यावरच नवे हात देता येतात.

पलंग शक्यतो नवा घ्या. जुन्यांची मापं आडनिडी असतात, 72, 75 किंवा 78 इंची तयार गादी त्यात नीट बसेलच असं नाही.

आणि बयाणा देण्यापूर्वी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजून या.