बर्फाच्या गावात कुंडीतलं अंजीर

न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोच्या नर्सरीत मे महिन्यात ‘कोल्ड हार्डी’ (थंडी सोसणारं) अशी चिठ्ठी लावलेलं अंजिराचं रोप सहज मिळतं. चिठ्ठी खोटी नसते, पण अर्धीच असते. उदाहरणार्थ ‘शिकागो हार्डी’ हे लोकप्रिय वाण पाहा. त्याच्या फांद्या साधारण उणे १२ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतात आणि मुळं त्याहून बऱ्याच जास्त थंडीत जगतात. हे झालं जमिनीतल्या झाडाचं. कुंडीत मुळांना चारही बाजूंनी वारा लागतो, त्यामुळे डेकवर राहिलेली कुंडी जानेवारीत आतपर्यंत गोठते आणि तेच टणक वाण मरतं.

तरीही मी कुंडीच सुचवेन. जमिनीतलं झाड कडक थंडीत वरून जळतं, वसंतात बुडापासून फुटतं आणि फळ पिकायच्या आत पुन्हा बर्फ पडतो. कुंडी मात्र हलवता येते. नोव्हेंबरात आत, एप्रिलमध्ये बाहेर, म्हणजे हंगाम दोन्ही टोकांनी लांबवता येतो. थंड प्रदेशात अंजीर पिकवायचं म्हणजे एवढंच साधायचं असतं.

१. वाण निवडा

‘शिकागो हार्डी’, ‘ब्राऊन टर्की’, ‘सेलेस्ट’ यांपैकी कुठलंही चालेल. तिघांनाही परागीभवनासाठी चिलट लागत नाही. ‘कालिमिर्ना’ कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्या जातीला अंजिराच्या पोटात शिरणारं एक बारीक गांधीलमाशीसारखं चिलट लागतं आणि ते या थंडीत तुमच्या बॅकयार्डात येणार नाही. सुक्या अंजिरातल्या बिया पेरण्याचा मोहही टाळा. रोपं उगवतील, पण त्यातली निम्मीअधिक खाण्याजोगं फळ देणारी नसतील.

सासवडला गेल्यावर पुरंदरच्या बागेतली एखादी काडी बॅगेत टाकावी, असं कुणालाही वाटेल. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि चवीचं तर बोलायलाच नको. पण परवान्याशिवाय कलमाची काडी अमेरिकेत आणता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. शिकागो हार्डीचं फळ त्या मानानं लहान, जांभळट-तपकिरी, आतून स्ट्रॉबेरीच्या रंगाचं आणि चांगलं गोड असतं. पुरंदरची आठवण येईल, बरोबरी होणार नाही.

२. कुंडी आणि भरण

एक गॅलनच्या डब्यातलं रोप थेट मोठ्या कुंडीत लावू नका. मुळं पोचलेली नसतात तिथलं भरण ओलंच राहतं आणि मुळं कुजतात. पहिल्या वर्षी पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी १५ गॅलन. तिथे थांबा. पंधरा गॅलनची भिजलेली कुंडी दोघांनी मिळून उचलतानाही कंबर सांभाळावी लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून खाली चाकांची फळी ठेवा. मातीची कुंडी दिसते छान, पण गोठली की तडकते. जाड प्लॅस्टिकची घ्या.

अंगणातली माती कुंडीत भरू नका. ती दबून घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. तयार पॉटिंग मिक्स किंवा कोकोपीट दोन भाग, पर्लाईट (भरण मोकळं ठेवणारे हलके पांढरे खडे) एक भाग, चांगलं कुजलेलं कंपोस्ट एक भाग, एवढं पुरतं. मिक्समध्ये पीट मॉस जास्त असेल तर बागकामाचा चुना पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा, कारण पीट आम्लधर्मी असतं आणि अंजिराला ते फारसं मानवत नाही. तळाशी दगड-विटांचा थर द्यायची आपल्याकडची सवय इथे सोडा. त्यानं निचरा वाढत नाही, उलट पाणी थराच्या वर, मुळांच्या जवळ साचून राहतं. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी ठेवली की झालं.

३. ऊन, पाणी, खत

दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत सापडली तर तिला टेकवूनच कुंडी ठेवा, विटांनी दिवसा साठवलेली ऊब संध्याकाळी कामी येते. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत मात्र झाड जगेल, पण फळाची आशा धरू नका.

पाणी द्यायचं ते भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि मग बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागेपर्यंत थांबायचं. जुलैच्या उन्हाळ्यात ही वेळ रोज येते. फळं धरल्यावर कुंडी खडखडीत सुकली तर झाड हिरवी फळं टाकून देतं. त्याच्या उलट, पिकत आलेल्या फळावर एकदम भरपूर पाणी पडलं की ती फुटतात.

मेमध्ये सावकाश विरघळणारं संतुलित खत एकदा द्या, मग जुलै संपेपर्यंत दर पंधरवड्याला पातळ द्रवखत. ऑगस्ट लागला की बंद. उशिरा दिलेल्या नत्रानं कोवळी फूट येते, ती निब्बर व्हायच्या आत थंडी गाठते. नत्र जास्त झालं की पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी होतात आणि फळाचा पत्ता नसतो.

४. शेंडा खुडणं

आपल्याकडचे बागायतदार खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरतात. इथल्या गारठ्यात मुख्य पीक एकच, आणि ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतं. गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर जुलैच्या सुमारास थोडी आगाप फळं पिकतात, पण शिकागो हार्डीत ती मोजकीच.

आता जवळून पाहा. नवी फांदी वाढताना प्रत्येक पानाच्या देठाशी, फांदीला लागून, दोन बारीक फुगीर डोळे दिसतात. टोकदार डोळ्यातून फांदी फुटते, गोलसर असतो त्यात अंजीर असतं. फांदीला पाच-सहा पानं झाली की शेंडा दोन बोटांत धरून मोडायचा, बस. लांबी वाढवण्याकडे जाणारा जोर त्या गोल डोळ्यांकडे वळतो. हे काम जूनअखेर उरकायला हवं. वाटाण्याएवढं फळ दिसल्यापासून पिकेपर्यंत अडीच-तीन महिने सहज जातात, त्यामुळे ऑगस्टअखेर धरलेल्या फळाचा या अक्षांशावर काही उपयोग नाही.

मोडलेल्या जागेतून पांढरा चीक वाहतो, तो अंगाला लागू देऊ नका. चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि शक्यतो संध्याकाळची वेळ. मुलांना या कामाला लावू नका.

५. तोडणी

न्यू जर्सीत ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत फळं पिकतात. हिरवट फळ कित्येक आठवडे जसंच्या तसं बसून राहतं आणि मग तीन-चार दिवसांत फुगतं, रंग चढतो, मान टाकतं. सालीवर बारीक चिरा आणि बुडाच्या भोकाशी मधासारखा थेंब दिसला की तोडा. देठातून चीक आला तर घाई झाली. अंजीर घरात ठेवून पिकत नाही, कैरीसारखी आढी घालण्याची सोय इथे नाही. उद्या जोराचा पाऊस सांगितला असेल तर पिकलेली फळं आजच काढा, नाहीतर ती आंबतात. खारी आणि पक्ष्यांपासून वाचवायला प्रत्येक फळाला जाळीची छोटी पिशवी बांधतात. दिसायला विचित्र, पण दुसरा उपाय नाही.

६. हिवाळा

ब्रुकलिनच्या जुन्या इटालियन वस्त्यांत नोव्हेंबरात अंजिराची झाडं गोधड्या आणि ताडपत्रीत गुंडाळून वर बादली उपडी घालायची पद्धत आहे. ती जमिनीतल्या झाडांसाठी. कुंडीवाल्यांचं काम सोपं.

एक-दोन हलक्या हिमरात्री झाडाला बाहेरच सोसू द्या. पानं गळतात, झाड झोपी जातं. हिरवी राहिलेली मोठी फळं काढून टाका, टोकाशी वाटाण्याहून लहान असतील ती राहू द्या. मग कुंडी घराला लागून असलेल्या, हीटर नसलेल्या गराजमध्ये. तिथलं तापमान शून्याच्या थोडं खाली ते सात अंशांच्या दरम्यान राहिलं पाहिजे. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर खोडाशेजारी ठेवा, अंदाजावर राहू नका. उजेडाची गरज नाही. कुंडी काँक्रीटवर न टेकवता थर्माकोल किंवा लाकडावर ठेवा, आणि थंडीची मोठी लाट येणार असेल तर जुनी रजई गुंडाळा. महिन्याला एक-दोन पेले पाणी पुरे.

दिवाणखान्यात आणू नका. उबेत झाड डिसेंबरातच जागं होतं, काळोखी हवेत लांबट फिकट फूट काढतं आणि त्यावर लाल कोळी ही कीड बसते. गराज नसेल तर गारठलेलं तळघर किंवा न तापवलेला जिना पाहा.

७. एप्रिलची ये-जा

डोळे फुगायला लागले की दिवसा पाच-सात अंशांच्या वर हवा असताना कुंडी बाहेर, रात्री हिम पडणार असेल तर परत आत. कंटाळवाणं काम आहे, पण पिकाचा निकाल इथेच लागतो. कोवळी पानं एका हिमरात्रीत काळी पडली की झाड नव्यानं फुटतं आणि हंगामातला महिना जातो. पहिला आठवडा सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात, नाहीतर पानं करपतात. शिकागो आणि टोरांटोत मेच्या मध्यापर्यंत हिमाचा भरवसा नसतो.

कधी झाड वाळल्यासारखं दिसतं. नखानं साल किंचित खरवडा, खाली हिरवं असेल तर जिवंत. वर सगळं तपकिरी असलं तरी जूनपर्यंत कुंडी फेकू नका. काडीपासून वाढवलेलं रोप स्वतःच्याच मुळांवर असतं, त्यामुळे बुडापासून येणारी फूटही त्याच वाणाची असते.

८. मुळांची छाटणी

दोन-तीन वर्षांनी पाणी घातल्या घातल्या बाजूनं निसटू लागतं, म्हणजे कुंडीत मुळांचाच गोळा झालाय. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड झोपेत असताना ते आडवं करून बाहेर ओढा, करवतीनं चहूबाजूंनी आणि तळातून चारेक बोटं जाडीचा थर कापून टाका, आणि ताजं भरण घालून त्याच कुंडीत परत लावा. त्याच दिवशी फांद्याही छाटून घ्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या निवडून ओलसर पर्लाईटमध्ये घरातल्या उबेत खोचा. महिनाभरात मुळं फुटतात, आणि त्यांना मात्र लगेच गराजमध्ये ठेवायचं नाही.