‘द कॅचर इन द राय’ युद्धोत्तर अमेरिकेच्या इतिहासाबरोबर कशी अभ्यासावी

जे. डी. सॅलिंजर यांची ही कादंबरी जुलै १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामुळे तिच्यात पन्नासच्या दशकातील अमेरिका शोधण्याची सवय अनेकांना लागलेली आहे. माझ्या मते ही सवय सोडल्याशिवाय अभ्यासाला खरी सुरुवातच होत नाही, कारण ही कादंबरी मुळात चाळीसच्या दशकाच्या पोटातून आलेली आहे.

पहिले वाचन इतिहासाचे एकही पुस्तक न उघडता करावे आणि कथा सांगणाऱ्या होल्डन कॉलफिल्ड या मुलाचा आवाज कानात बसू द्यावा. दुसऱ्या वाचनाला वही घ्यावी. डाव्या पानावर कथेतील तपशील आणि उजव्या पानावर त्या तपशिलाचा काळ लिहावा. सर्वांत आधी कथेचे साल ठरवावे. होल्डनचा धाकटा भाऊ अ‍ॅली १८ जुलै १९४६ रोजी वारला तेव्हा होल्डन तेरा वर्षांचा होता, आणि नाताळच्या तोंडावर न्यूयॉर्कमध्ये भटकताना तो सोळा वर्षांचा आहे. या हिशेबाने १९४८ किंवा १९४९ चा डिसेंबर निघतो. १९४९ धरण्याचा प्रघात आहे. हे एकदा पक्के झाले की मोठी गल्लत टळते. सरकारात कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप करणारे सिनेटर मॅकार्थी यांचे गाजलेले भाषण फेब्रुवारी १९५० मधले आहे आणि कोरियातील युद्ध त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुरू झाले. तेव्हा होल्डनच्या चिडीला त्या काळाची सरसकट कारणे चिकटवू नयेत.

त्याऐवजी मागे पाहावे. होल्डन नावाच्या मुलाची एक कथा ‘कोलियर्स’ या मासिकपत्रात डिसेंबर १९४५ मध्येच छापून आली होती, आणि तिचा लेखक सॅलिंजर हा ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला सैनिक होता. कादंबरीत होल्डनचा थोरला भाऊ डी. बी. हाही सैन्यातून परतलेला आहे, मात्र होल्डनच्या तोंडी युद्धाबद्दल फार थोडी वाक्ये येतात. ती सगळी वहीत वेगळी उतरवून घ्यावीत. त्यांचे तुटपुंजेपण हाच त्या पिढीच्या मौनाचा पुरावा म्हणून तपासता येतो.

अ‍ॅलीच्या मृत्यूपाशी मात्र मुद्दाम थांबावे. त्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला होता. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन ल्युकेमियाच्या काही मुलांमध्ये तात्पुरता उतार पडल्याचे प्रसिद्ध केले ते १९४८ मध्ये, म्हणजे अ‍ॅली गेल्यानंतर दोन वर्षांनी. हे साल समोर ठेवून तो बेसबॉलचा हातमोजा पुन्हा वाचावा, ज्यावर अ‍ॅलीने मैदानात उभे असताना वाचायला मिळाव्यात म्हणून हिरव्या शाईने कविता लिहिल्या होत्या, आणि ती रात्रही वाचावी, जेव्हा होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. दुःखाचे कारण इतिहासातून मिळत नाही हे मान्य आहे. पण त्या घरातल्या माणसांपाशी कोणताच इलाज नव्हता, हे त्या एका सालामुळे नेमके कळते.

शिक्षणाचा धागा त्यामानाने सोपा आहे. माजी सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या १९४४ च्या जीआय बिल या कायद्यामुळे सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत पोहोचले, आणि त्याच सुमारास पेन्सीसारख्या महागड्या निवासी शाळेतून होल्डन पाचपैकी चार विषयांत नापास होऊन बाहेर पडतो. ही त्याची चौथी शाळा आहे. ज्याला शिक्षण सहज मिळते तोच ते नाकारतो, हा विरोध टिपणात आलाच पाहिजे.

मग जे कादंबरीत जवळजवळ नाही त्याची नोंद करावी. लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन या नव्या उपनगराची घरे उभी राहत होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना ती नाकारली जात होती. होल्डनच्या मॅनहॅटनमध्ये मात्र कृष्णवर्णीय माणसे ठळकपणे दिसतात ती पियानोवादक एर्नी आणि रेकॉर्डवरची गायिका एस्टेल फ्लेचर एवढीच. हा होल्डनच्या नजरेचा दोष मानायचा की त्याच्या वर्गाच्या भिंतींचा, याचे उत्तर प्रत्येकाने पुराव्यासह स्वतः लिहावे.

शेवटी नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाचा प्रसंग घ्यावा. तिथे सगळे जसेच्या तसे राहते, म्हणून होल्डनला ते प्रिय आहे. १९४१ ते १९४९ या काळात त्याच्या भोवतीच्या शहरात आणि त्याच्या घरात काय काय बदलले ते उजव्या पानावर क्रमाने लिहावे, आणि मगच तो प्रसंग तिसऱ्यांदा वाचायला घ्यावा.