उरलेल्या दिवसांत अबोला कसा सोडावा

डॉक्टरांनी दिवस थोडे असल्याचे सांगितले, की आयुष्यभर रागीट म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला एकदम सगळ्यांची माफी मागण्याची घाई होते. ती टाळून आधी एकच माणूस निवडावा, आणि तो बहुधा सख्खा भाऊ किंवा मुलगी असते.

कोकणात वैराचे मूळ बरेचदा सामाईक सातबाऱ्यात किंवा बांधावरच्या फणसात सापडते, म्हणून माफी आणि वाटणी यांचे दिवस वेगळे ठेवावेत. माझ्या वडिलांनी अकरा वर्षांनी काकांना बोलावले, तेव्हा पडवीत बराच वेळ कोणी बोलले नाही; वडिलांच्या थरथरत्या हातातला अडकित्ता काकांनी घेतला आणि सुपारी कातरून दिली, मग वडील म्हणाले, "त्या दिवशी मी तुझ्यावर कोयता उगारला, ते चुकले." असे घडलेलेच नेमके सांगावे. 'झाले गेले गंगेला मिळाले' म्हणण्याचा अधिकार समोरच्याचा.

चाकरमानी गणपतीला येतीलच, या भरवशावर राहू नये, फोन करावा.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ते लाभार्थी नसावेत. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असल्याने रागाच्या भरात तो कोणाला लिहून देता येत नाही, हे बरेच झाले.

समोरचा आलाच नाही, तर मध्यस्थ धाडून दडपण आणू नये. स्वहस्ते चिठ्ठी लिहून ती त्याच्या घरी पोचवावी.