कपडा आधी उलटा करून बघा

गेल्या दिवाळीनंतर कॉलेजातली एक मुलगी कुर्ता घेऊन माझ्याकडे आली. दोनच धुण्यांत काखेत उसवला होता. “काकू, एक टीप मारून द्या ना,” म्हणाली. मी कुर्ता उलटा केला, तर टीप मारायला आत कापडच नव्हतं. शिवणीच्या पलीकडे जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेही इंटरलॉकच्या, म्हणजे कडेचे धागे निघू नयेत म्हणून मारलेल्या गुंफटाक्याच्या दोऱ्यात विरून गेलेलं. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या या कापडाला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माया असली की अंग भरलं तर कपडा सैल करता येतो, उसवला तर पुन्हा धरता येतो, एकीचा कपडा दुसरीच्या मापाचा करता येतो. त्या कुर्त्यात ती नव्हतीच. काखेत दुसऱ्या कापडाचा चौकोनी तुकडा घालून मी तो कसाबसा वाचवला. तेव्हापासून येईल त्या मुलीला मी एकच गोष्ट सांगते: दुकानात कपडा आवडला की आधी तो उलटा करायचा.

माझं माहेर इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे अख्खं गाव मागांचं झालं. माझे वडील माग चालवायचे, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. वडिलांची मजुरी मीटरवर आणि पिकावर ठरायची. पीक म्हणजे एका इंचात बसणारे आडवे धागे. त्यामुळे घरात कुठलंही नवं कापड आलं की वडील ते दारात नेऊन उजेडासमोर धरायचे. विरळ असलं की आरपार दिसायचं. खळीने कडक केलेलं असलं तर दोन्ही हातांनी चोळायचे, खळ भुरभुर खाली पडायची आणि मऊ, पोकळ कापड हातात राहायचं. लग्न होऊन मी सांगलीत आले, गेली २८ वर्षं बायकांचे कपडे शिवते आहे; पण कापड उजेडाला धरल्याशिवाय मी अजून कात्री लावत नाही. तुम्हीही ही सवय लावून घ्या, तिला पैसे पडत नाहीत.

आता उलट्या कपड्यात काय बघायचं ते सांगते. पहिली माया. कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत निदान अर्धा इंच हवी, ब्लाउजमध्ये तर मी इंचभर ठेवते. मग टाके. नखाने इंचभर अंतर धरा आणि मोजा. दहा-बारा टाके आले तर शिवण टिकेल. सहा-सात आले तर मशीन घाईत पळवलेलं आहे. त्यानंतर शिवणीच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरून हलकेच ओढा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ती शिवण बसता-उठता सुटणार. नुसत्या इंटरलॉकवर जोडलेला कपडा मी घेत नाही. आधी साधी टीप आणि मग कडेला इंटरलॉक, असं हवं. टीशर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाची गोष्ट वेगळी, तिथे इंटरलॉकच लागतं.

एक गोष्ट मात्र सहसा कोणी बघत नाही, ती म्हणजे कापड कापलं कसं. कपडा उभ्या धाग्यावर कापायचा असतो. कापड वाचवायला नमुने तिरके मांडले की शिवताना सगळं सरळ दिसतं. पण धुतल्यावर धागा आपल्या जागी जायला बघतो आणि बाजूची शिवण फिरून पोटावर येते. तुमच्या कपाटातही असा एखादा कुर्ता असेल. तो दुरुस्त होत नाही. म्हणून घेतानाच खालची दुमड बघा, तिथे उभा धागा शिवणीला समांतर जातो का ते दिसतं. चौकड्याच्या कापडात तर हे लांबूनही कळतं.

माया असलेल्या कपड्याचा आणखी एक उपयोग आहे. आतून दोन धागे काढून कापड कशाचं आहे ते घरी तपासता येतं. धागे चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावा. सुती धागा चटकन पेटतो, कागद जळाल्याचा वास येतो आणि बोटाने उडेल अशी राख राहते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, उरलेला काळा मणी बोटांत चुरगळतो. पॉलिस्टर जळण्याआधी आकसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी राहतो. तो गरम असताना हात लावू नका, चिकटतो. फसवतं ते व्हिस्कोस, ज्याला आपण रेयॉन म्हणतो. ते लाकडाच्या लगद्यापासून होतं, त्यामुळे सुतासारखंच जळतं. त्याची परीक्षा पाण्याने करायची. धागा भिजवून ओढा. व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं, लगेच तुटतं. सूत ओलं झाल्यावर उलट जास्त बळकट होतं. म्हणूनच रेयॉनचे कुर्ते पिळून वाळत घातले की लवकर जातात. ते पिळू नका, पाणी निथळू द्या. आधी घरातल्या जुन्या कपड्यांवर हे चार-पाच वेळा करून बघा. पुढे काडीची गरज लागत नाही, बोटांनाच कळायला लागतं.

पॉलिस्टर खनिज तेलापासून बनतं, प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटून पाण्याबरोबर जातात आणि ते कुजत नाहीत. म्हणून मी नवं घेताना टाळते. पण घरात आहे ते फेकून द्या असं मी कोणाला सांगणार नाही. आहे ते पुरेपूर वापरा, गार पाण्यात धुवा, उगाच रोज धुऊ नका.

आणि सुती म्हणजे निर्मळ, असंही नाही. आपल्या विदर्भात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. ती बातमी वाचली त्या रात्री माझ्या टेबलावर पांढऱ्या सुती कापडाचा तागा होता. मला त्याला हात लावायला नको वाटलं. तेव्हा मी सेंद्रिय कापसाची चौकशी सुरू केली. नुसतं ‘ऑरगॅनिक’, ‘इको’, ‘नॅचरल’ असं छापलेलं असतं त्यावर विसंबू नका, ते कोणीही छापू शकतं. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) नावाची एक खूण असते. तिच्यासाठी कापडात निदान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात, आणि लेबलवर ‘ऑरगॅनिक’ असा दर्जा लिहायचा तर ९५ टक्के. तिच्यात रंग, सांडपाणी आणि कामगारांच्या अटीही येतात. खुणेबरोबर तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक छापलेला असतो, तो जीओटीएसच्या यादीत घालून पाहता येतो. क्रमांक नसेल तर दुकानदाराला विचारा. वर्ध्याचं मगन संग्रहालय, जे १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलं, तिथे सेंद्रिय कापसाची आणि वनस्पतींच्या रंगांची खादी मिळते. कधी वर्ध्याला गेलात तर सेवाग्राम बघून पुढे तिथेही जा आणि कापड हातात घेऊन बघा.

हातमागाचं म्हणून काही घेत असाल तर २००६ पासून सुरू झालेली हँडलूम मार्कची पट्टी आहे का ते बघा. पैठणी असेल तर पुन्हा उलटी करा. हाताने विणलेल्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरवलेला असतो. जॅकार्ड मशीनच्या पदरामागे लांब सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापून टाकलेले दिसतात. मशीनची घ्यायला हरकत नाही, पण मग तिला मशीनचेच पैसे द्या. येवल्याच्या माणसाने महिनेन् महिने मागावर बसून विणलेल्या साडीचे पैसे तिसऱ्याच कोणाच्या खिशात जाऊ देऊ नका.

आता किमतीबद्दल. मला कळकळ वाटते ती इथेच. अस्तर नसलेला साधा कुर्ता मी कापण्यापासून इस्त्रीपर्यंत अडीच तासांत करते. कारखान्यात एक बाई फक्त बाह्या जोडते, दुसरी फक्त गळा करते, त्यामुळे वेळ कितीतरी कमी लागतो, हे खरं आहे. तरीही पाटीवर २९९ रुपये दिसले की कागद घेऊन बसा. सव्वादोन मीटर कापड. त्याआधी कापूस, सूतगिरणी, सायझिंग म्हणजे सुताला खळ लावणं, माग. मग रंगाई आणि छपाई. त्यातलं सांडपाणी शुद्ध करायचं तर त्याचा खर्च. दोरा, बटणं, पिशवी, ट्रक, दुकानाचं भाडं, जाहिरात, कर, परत आलेल्या मालाचं नुकसान. हे सगळं २९९ मधून वजा करा आणि शिवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरतं ते बघा. खर्च कुठेतरी मारल्याशिवाय हा हिशोब बसत नाही. कधी तो बाईच्या मजुरीत मारतात, कधी नदीत सोडतात. पंचगंगेच्या काठी वाढले आहे मी. तिच्या प्रदूषणावरून किती आंदोलनं झाली, किती कोर्टकचेऱ्या झाल्या, हे आमच्याकडच्या लहान मुलांनाही माहीत असतं.

महाग म्हणजे चांगलं असंही समजू नका. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली, त्यांतल्या बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली, वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं. ढिगाऱ्यातून निघालेल्या कपड्यांना युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या ब्रँडची लेबलं होती. त्यानंतर जगभरातल्या गिऱ्हाइकांनी “माझे कपडे कोणी शिवले?” असं कंपन्यांना विचारायला सुरुवात केली, आणि कित्येक ब्रँडना आपल्या कारखान्यांच्या याद्या जाहीर कराव्या लागल्या.

तुम्हीही विचारू शकता. लेबलवर ग्राहकसेवेचा ईमेल असतो. त्यावर तीन ओळी लिहा: हा कपडा कोणत्या गावात शिवला, तिथल्या कारखान्याचं नाव जाहीर आहे का, शिवणाऱ्यांना किमान वेतन मिळतं हे कोण तपासतं. माझ्या मुलीने पाच कंपन्यांना लिहिलं. दोघांनी गावाचं नाव कळवलं, एकीने गोड शब्दांत काहीच सांगितलं नाही, दोघांचं उत्तरच आलं नाही. कपडे कुठून घ्यायचे हे ती आता त्यावरून ठरवते.

ज्यांना २९९ चाच परवडतो त्यांना मी दोष देत नाही. माझ्याकडे हेलपर म्हणून येणारी मुलगी तोच घेते आणि चार वर्षं वापरते. खरं नुकसान होतं ते एका लग्नापुरता घेतलेला, दोनदा घातलेला कपडा कपाटात कोंबून पुढच्या लग्नाला नवा घेतला जातो तेव्हा. तीस वेळा घालणार नसाल तर घेऊ नका. हे तीस मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, तुम्ही पन्नास ठरवा.

दुरुस्ती शिका. एवढं तरी प्रत्येकाला यावं: बटण लावणं, हूक लावणं, उसवलेली खालची दुमड हाताने घालणं, आणि भोक लहान असतानाच चार टाके घालणं. बटण लावताना खाली एक काडी ठेवून टाके घाला, काडी काढा आणि दोऱ्याचे दोन-तीन वेढे देऊन गाठ मारा. मग कापड ओढलं जात नाही. रफू हे मोठं कसब आहे. त्यासाठी रफूवाल्याकडेच जा, आणि त्याच्याशी घासाघीस करू नका, तो धाग्यागणिक डोळे शिणवतो.

मऊ झालेल्या सुती साड्यांची आमच्याकडे वाकळ शिवतात, तुम्ही गोधडी म्हणत असाल. धावदोऱ्याने कडेपासून आत यायचं. साड्या आधी धुऊन पूर्ण आटू द्यायच्या आणि पॉलिस्टरचा थर मध्ये घालायचा नाही, तो सरकतो आणि घाम आणतो. वाकळेतही न बसणाऱ्या चिंध्या मी पायपुसण्यांत भरते. बोहारीण दारावर आली तर जरीच्या साड्या आणि पँट्स तिला द्या. तिच्याकडून त्या जुन्या बाजारात जातात, कोणीतरी पुन्हा नेसतं. अगदी फाटलेलं कापड पुढे कुठे पानिपतला पोचतं. तिथे बटणं-चेन काढून, रंगांप्रमाणे वेगळं करून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि घोंगड्या-ब्लँकेटं विणतात.

दान करायचं असेल तर ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी काय पाहिलं ते ऐका. आमची सांगली पाण्याखाली गेली होती. पाणी ओसरल्यावर एका शाळेच्या हॉलमध्ये राज्यभरातून आलेले कपडे निवडायला आम्ही दहा-बारा बायका बसलो. छतापर्यंत ढीग. लोकांनी मनापासून पाठवले होते, यात शंका नाही. पण त्यांत हूक नसलेले ब्लाउज होते, ओढणी एकीकडे आणि ड्रेस दुसरीकडे, दमट बांधून आल्यामुळे बुरशी धरलेल्या चादरी, आणि सलवारी, शेकडो सलवारी, एकीतही नाडी नाही. सगळं वाहून गेलेल्या बाईने नाडी कुठून आणायची?

म्हणून पाठवण्याआधी कपडा धुवा, कडक वाळवा, हूक-बटणं लावा, जोडीचे कपडे एकत्र बांधा, वर कागदावर माप लिहा. आतले कपडे वापरलेले देऊ नका, नवे घेऊन द्या. आणि नाडी घाला. त्या हॉलमध्ये मी घरून पांढऱ्या नाडीचे दोन मोठे रीळ नेले, आणि तीन दिवस आम्ही सेफ्टी पिनेने नाड्या ओवत बसलो.