विकीवर पान संपादित करताना या चुका टाळा

कोल्हापुरात सध्या बरीच पोरं आपल्या गावाची, तालमीची, ग्रामदैवताची माहिती विकीवर चढवू लागली आहेत. ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण यातलं कितीतरी अजून फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आणि स्मरणिकांच्या गठ्ठ्यांत आहे. पण पहिल्याच दिवशी पान विस्कटलं की हुरूप जातो. नवख्यांना मराठीत नेमकं कुठं अडतं, ते इथं सांगतो. उदाहरणं विकिपीडियाची असली तरी मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या बहुतेक साइटना ती लागू पडतील.

मजकूर थेट चिकटवणं

स्मरणिकेची फाइल प्रेसमधून आणली आणि मजकूर उचलून चिकटवला, तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्या फाइलचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा, श्रीलिपीसारखा असतो. विकीला युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरं, लागतात. आधी कन्व्हर्टरमधून मजकूर बदलून घ्या आणि मग डोळ्यांनी वाचा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घसरतात.

वर्डमधून आणलेल्या मजकुराची अडचण वेगळी. ठळक अक्षरांसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सरळ अवतरणचिन्हं लागतात: '''खासबाग मैदान'''. वर्ड ती वळणदार करून टाकतं आणि विकीला ती ओळखू येत नाहीत. चिन्हं पुन्हा संपादन चौकटीतच टाइप करा.

दुवा लाल होतो

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. दुवा लाल दिसला म्हणजे नेमक्या त्या नावाचं पान विकीवर नाही. चौकटी कंसात लिहिलेलं नाव पानाच्या शीर्षकाशी अक्षरन्अक्षर जुळावं लागतं. [[कोल्हापुर]] असं ऱ्हस्व लिहिलंत की दुवा लाल. पान ‘रंकाळा तलाव’ या नावाचं असेल आणि तुम्ही नुसतं [[रंकाळा]] लिहिलंत, तरी तेच.

त्यात आपल्या मराठीत नाम विभक्तीत गेलं की त्याचं रूप बदलतं. [[कोल्हापूर]]ला असं लिहिलं तर काम भागतं, कारण मूळ शब्द तसाच राहतो. पण ‘कोल्हापुरात’ म्हणताना पू चा पु होतो. [[कोल्हापूर]]ात असं लिहिलं तर ‘कोल्हापूरात’ हे अशुद्ध रूप पानावर येतं. तिथं उभी रेघ वापरा: [[कोल्हापूर|कोल्हापुरात]]. रेघेच्या डावीकडे पानाचं शीर्षक, उजवीकडे वाचकाला दिसायचा शब्द. तसंच [[रंकाळा तलाव|रंकाळ्यावर]]. ही एक रेघ अंगवळणी पडली की निम्मे लाल दुवे उरतच नाहीत.

लाल दुवा दिसला म्हणून लगेच नवं पान काढू नका. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तुमच्या विषयाचं पान थोड्या वेगळ्या शीर्षकानं आधीच असू शकतं. दोन-तीन तऱ्हेनं शोधून बघा.

राखाडी चौकट, गायब झालेला वर्ग

शाळेत परिच्छेद थोडी जागा सोडून सुरू करायला शिकवतात. विकीवर ओळीच्या सुरुवातीला एक जरी मोकळी जागा पडली तरी ती ओळ राखाडी चौकटीत जाते. जागा काढून टाका. नवा परिच्छेद हवा असेल तर मध्ये एक पूर्ण ओळ रिकामी सोडा. एकदाच एंटर मारून ओळी सुट्या होत नाहीत. आणि वर्ग म्हणजे एका विषयाची पानं एकत्र दाखवणारी यादी. वाक्यात [[वर्ग:कोल्हापूर जिल्हा]] लिहिलं तर ते तिथं दिसणार नाही, पान त्या वर्गात जाईल. वर्गाचा दुवा वाक्यातच हवा असेल तर सुरुवातीला कोलन (:) द्या, विसर्ग नव्हे: [[:वर्ग:कोल्हापूर जिल्हा]].

माहितीचौकट फुटली

माहितीचौकट साच्यानं, म्हणजे महिरपी कंसांत लिहिलेल्या तयार नमुन्यानं, बनते. त्याच्या शेवटचे }} हे कंस खोडले गेले की अख्खी चौकट कच्च्या मजकुरासारखी पानभर पसरते. घाबरून सगळं पुसू नका. ‘इतिहास’ उघडा, प्रत्येक जतन केलेली आवृत्ती तिथं असते. तुमच्या बदलाच्या आधीची आवृत्ती उघडून, ‘संपादन’ करून जतन केली की पान पूर्वीसारखं होतं. मात्र मध्ये दुसऱ्या कुणी भर घातली असेल तर तीही जाईल, म्हणून आधी फरक तपासा. जतन करण्यापूर्वी झलक पाहण्याची सवय लावलीत तर ही वेळ सहसा येतच नाही. सरावासाठी धूळपाटी आहे, ती मनसोक्त वापरा.

संदर्भ आणि फोटो

तांत्रिक चूक कुणीही दुरुस्त करतं. बिनसंदर्भाचं वाक्य मात्र काढलं जातं, आणि ते योग्यच आहे. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या वाक्यामागे पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक द्या, कारण वाचणारा नागपूरचाही असेल. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा उतरवू नका, स्वतःच्या शब्दांत मांडा. फोटोचंही तसंच: समाजमाध्यमावर सापडलेला पन्हाळ्याचा सुंदर फोटो दुसऱ्याच्या हक्काचा असतो. रविवारी वर जाऊन स्वतः काढा, आणि चढवताना तारीख व जागा लिहा.