घरच्या स्टुडिओत दिवस कसा लावायचा

मातीची भांडी घडवायला घरी चाक आणि भट्टी असणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की आदल्या रात्री कामांची यादी करू नका. सकाळी मांडणीवरचं प्लास्टिक उचला, कालच्या भांड्यांना बोट लावा आणि मग ठरवा. माती वाळायची थांबत नाही. बाकी सगळी कामं थांबतात.

चहाचा मग घडवून झाला की त्याचं बूड तासायची एक ठराविक वेळ असते. बोटाने दाबलं तर दबत नाही, पण नख ओढलं तर ओरखडा उठतो, ती वेळ. काठ पांढरट दिसायला लागला तर उशीर झाला, तासताना भुकटी उडते आणि कान लावला तर सुटतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात ही वेळ दोन-तीन तासांत निघून जाते. जुलैत उलट, दुसऱ्या दिवशीही बूड ओलंच. म्हणून उन्हाळ्यात मी भांडं चाकावरून उतरलं की काठावर प्लास्टिक टाकते आणि बूड उघडं ठेवते. पावसाळ्यात नुसती वाट बघते. पंखा लावू नका. वाऱ्याकडची बाजू आधी वाळते, आधी आक्रसते आणि गोल मग लंबगोल होतो.

तेव्हा सकाळचा पहिला तास-दीड तास तासण्याचा आणि कान लावण्याचा. कान आणि मग, दोन्हींचा ओलावा सारखा हवा. जोडायच्या जागी दोन्हीकडे सुईने रेघा मारा, स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावा, दाबा, बाहेर आलेली स्लिप ब्रशने पुसा. यानंतरची पायरी लोक गाळतात: कान लावलेले मग रात्रभर प्लास्टिकखाली ठेवायचे, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा होतो. जोडावर तडा जातो तो बहुतेकदा या घाईमुळेच, आणि दोष मात्र मातीला दिला जातो.

मग चाक. बसायच्या आधी सगळे गोळे मळून, वजन करून, झाकून ठेवा. कणीक मळतो तशी घडीवर घडी घालून माती मळू नका, घड्यांत हवा अडकते. पुढे ढकलून गुंडाळत न्यायची. मला साधारण 300 मिलिलिटरच्या मगला 400 ग्रॅम माती लागते. एका बसण्यात एकच आकार करा. पहिले दोन-तीन नग हात बसेपर्यंतचे असतात, ते मोडून परत बादलीत टाकले तरी चालतं. खरा वेग त्यानंतर येतो, आणि मधेच बाउल करायला घेतलात की तो गेला. मापासाठी आइस्क्रीमच्या काडीवर खुणा करून ठेवा. माझी स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची) माती ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत सुमारे 12 टक्के आक्रसते, म्हणजे 10 सेंटिमीटरचा मग हातात येतो तेव्हा 8.8 असतो. तुमच्या मातीचा आकडा वेगळा असेल. मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा, ती पट्टी भाजा आणि मोजा.

फोन दुसऱ्या खोलीत. हात चिखलाचे असताना फोन वाजला की दोन्हींचं नुकसान. ऑर्डरींना उत्तरं मी जेवणानंतर देते, तेव्हा नाहीतरी हात जड असतात.

ग्लेझिंगचा, म्हणजे भांड्यांना काचेसारखा थर देणारं द्रावण लावण्याचा, दिवस वेगळा ठेवा. एका खोलीत सकाळी तासायचं आणि दुपारी ग्लेझ लावायचं म्हटलं की बिस्किट, म्हणजे एकदाच भाजलेल्या, भांड्यांवर धूळ बसते, आणि धुळीवर ग्लेझ धरत नाही. भट्टीत ते मागे सरून उघडी टक्कलं पडतात. आधी ओल्या स्पंजने पुसून घ्या. ग्लेझ तळापासून ढवळा आणि वजन बघा. माझं बुडवायचं ग्लेझ 100 मिलिलिटरला साधारण 145 ग्रॅम भरतं, त्यात तीन सेकंद पुरतात. बुडाकडचे तीन-चार मिलिमीटर पुसून कोरे ठेवायचे, नाहीतर मग भट्टीच्या फळीलाच चिकटणार.

भट्टीबाबत मी भित्री आहे आणि तसंच राहणार. पहिली भाजणी 1000 अंशांच्या आसपास, पण सुरुवात अगदी सावकाश. 100 अंशांच्या आत पाणी पूर्ण निघून गेलं पाहिजे. ते आत राहिलं तर वाफ होऊन भांडं फुटतं. गालाला लावल्यावर मग गार लागला, तर तो अजून ओला आहे, भट्टीत नको. 573 अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झचं आकारमान एकदम बदलतं, चढताना आणि उतरतानाही, तिथे घाई नको. ग्लेझची भाजणी माझ्याकडे 1220 च्या जवळ जाते. कंट्रोलर काहीही दाखवो, फळीवर कोन, म्हणजे ठराविक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, ठेवाच. तो वाकला तरच भाजणी झाली. 6 किलोवॅटची भट्टी एका भाजणीत 35 ते 45 युनिट सहज खाते, तेव्हा अर्धी भरलेली लावू नका. आणि गुरुवारी तर मी लावतच नाही, आमच्याकडे त्या दिवशी दुरुस्तीसाठी काहीतरी बंद असतंच. झाकण 100 अंशांच्या खाली आल्यावरच उघडायचं. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी.

संध्याकाळी आवरताना झाडू अजिबात नको. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओलं फडकं, ओला पोछा, आणि कोरडं ग्लेझ मिसळताना एन-95 मास्क. हात स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत. दोन बादल्या ठेवा, पहिलीत चिखल, दुसरीत उरलेला. रात्रभरात माती तळाशी बसते, वरचं पाणी ओतून द्यायचं. प्लंबरला एकदा बोलावलं की बादल्यांची किंमत कळते. तासलेले तुकडे पूर्ण वाळवूनच पाण्यात टाका. कोरडी माती लगेच विरघळते, अर्धवट ओली तशीच पडून राहते.

आता दिवाळीच्या ऑर्डरी. भाऊबीजेच्या दिवसापासून मागे मोजा. पॅकिंग आणि कुरिअरला आठवडा, दोन्ही भाजण्या गार होण्यासह चार-पाच दिवस, मधे ग्लेझिंगचा एक, वाळायला दमट हवेत दहा दिवस, आणि घडवायला तुम्हाला लागतील तेवढे. महिना कसाबसा पुरतो. शिवाय एखादी भट्टी बिघडेल म्हणून आणखी एक आठवडा. जी तारीख येईल ती वहीत लिहा, आणि त्यानंतर मावसबहिणीनेही मागितलं तर मांडणीवर तयार असेल तेच दाखवा.