मध्ययुगीन शहराचा जुना फोटो: काळ कसा ओळखावा

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचा जुना फोटो हाती आला, तर आधी छपराचा मधला भाग बघा. तिथला टोकदार मनोरा वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकच्या आराखड्यानुसार 1859 मध्ये पूर्ण झाला; मध्ययुगीन मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीसच उतरवला होता. छपरावर मनोरा दिसला नाही, तर फोटो नव्या मनोऱ्याआधीचा. इमारतीचा पुरावा कागदाच्या पुराव्यापेक्षा भरवशाचा.

मग फोटो खिडकीपाशी तिरपा धरा आणि 10 पट भिंग लावा. चित्र कागदाच्या तंतूंत मुरलेलं, पृष्ठभाग चमकहीन असेल, तर तो बहुधा सॉल्ट प्रिंट (मीठ आणि चांदीच्या क्षारांनी थेट कागदात उमटवलेला सुरुवातीचा फोटो). वर चकचकीत थर, त्यात केसासारख्या भेगा आणि उजळ भागांत पिवळटपणा असेल, तर अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो), म्हणजे 1850 नंतरचा. मात्र काही सॉल्ट प्रिंटवरही वार्निश लावत, त्यामुळे नुसत्या चकाकीवर निकाल देऊ नका. ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्यातली प्रत.

गल्ली ओस दिसते म्हणून पहाट समजू नका. एक्सपोजर लांबलचक असे, चालती माणसं उमटतच नसत. आकाश कोरं असेल, तर छपराच्या कडेवरून भिंग फिरवा: निगेटिव्हवर आकाश रंगवून झाकताना धुराड्यांच्या कडा अनेकदा कापल्या जात.